जुनी सुतारी हत्यारं घेताना: काय बघायचं, काय सोडायचं

प्रश्न थोडक्यात असा: सागवानात स्टूल, पेटी, लहान टेबल अशी कामं घरी करायची आहेत, भर हातहत्यारांवर आहे, खिशात १०,००० रुपये आहेत आणि नवी चांगली हत्यारं त्यात बसत नाहीत. जुनी घ्यायची तर कुठे आणि कशी?

एवढ्या पैशात जुन्या हत्यारांचा कामापुरता संच होतो. मात्र पारखायचं कसं ते आधी पक्कं करा. जुन्या हत्याराचे दोष दोन जातींचे असतात. गंज, फुटलेली मूठ, बोथट धार, अडकलेला स्क्रू हे घरी निस्तरता येतं. बिडाला (ओतीव लोखंडाला) गेलेला तडा, पात्याच्या पाठीवरचे गंजाचे खड्डे, जळलेलं पोलाद, मुरगळलेली करवत हे निस्तरत नाही, किंवा निस्तरायला इतका वेळ जातो की नवं घेणं परवडतं. विकणारा बहुतेक वेळा पहिल्या जातीचे दोष बघून भाव ठरवतो: चकचकीत ते महाग, गंजकं ते स्वस्त. तुम्ही दुसऱ्या जातीचे दोष बघून ठरवायचं. सगळी कमाई या फरकात आहे.

हा माल बाजारात येतो कुठून, हे कळलं की शोधणं सोपं जातं. प्लायवूड आणि लॅमिनेट आल्यापासून फर्निचरच्या कामात लोखंडी रंधा आणि पटाशा (लाकूड कोरायची, टोकाला धार असलेली हत्यारं) यांची गरज उरली नाही. इलेक्ट्रिक रंधा, कटर आणि खिळ्यांची गन यांवर काम उरकतं. त्यामुळे जुन्या सुतारांच्या पेट्या माळ्यावर पडतात, घर बदलताना भंगारात जातात आणि तिथून बाजारात येतात. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत भेंडी बाजाराजवळची मटण स्ट्रीट, म्हणजे चोर बाजार, आणि शुक्रवारी पहाटे त्या भागातल्या रस्त्यांवर मांडला जाणारा माल बघण्यासारखा असतो. रे रोडचा दारूखाना जहाजांच्या भंगाराचा. तिथे शिकंजे (लाकूड आवळून धरणारे क्लॅम्प), जड वाईस (मेजाला बसवायची पकड), मोठे ड्रिल अशा वस्तू सापडतात, नाजूक हत्यारं कमी. सरकारी जुन्या मालाचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर होतात, पण तिथे माल लॉटने विकला जातो आणि अनामत भरावी लागते. एका माणसाचं ते काम नाही.

या सगळ्यांपेक्षा चांगली जागा म्हणजे काम थांबवलेल्या सुताराचं घर. गावात, कोकणात विशेषतः, सुतारवाडीत चौकशी करा. लाकडाच्या वखारीत आणि करवतीला धार लावून देणाऱ्याकडे सांगून ठेवा. कोणाची पेटी निघणार आहे हे त्यांना आधी कळतं. अशा घरी घासाघीस करू नका. एकेक वस्तू निवडण्याऐवजी पेटी अख्खी घ्या आणि योग्य पैसे द्या. पेटीत मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार), गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), लहान कानशी, सुटे स्क्रू अशा गोष्टी येतात, आणि त्या बाजारात वेगवेगळ्या जमवायला वर्ष जातं. शिवाय ज्याने रोज वापरली त्याच्या हातची धार आणि पात्याचा कोन तसाच मिळतो.

बाजारात जाताना सोबत हे न्या: ३०० मि.मी.ची पोलादी पट्टी, लहान टॉर्च, मोठा चपटा स्क्रूड्रायव्हर, जुनी बारीक कानस, रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी आणि जमलं तर फीलर गेजचा, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा, संच.

लोखंडी रंध्यापासून सुरू करतो, कारण सर्वांत जास्त फसवणूक आणि सर्वांत मोठा फायदा दोन्ही त्यातच आहे. पहिला रंधा पाच नंबरचा घ्या: सुमारे १४ इंच लांब, २ इंच पात्याचा. खरबरीत लाकूड काढणं, सपाट करणं आणि बऱ्यापैकी सफाई ही तिन्ही कामं तो करतो. चार नंबर, म्हणजे साडेनऊ इंचाच्या आसपासचा, दुसऱ्या फेरीत घ्या. सात नंबर २२ इंची असतो. तो स्वस्त मिळाला तरी आत्ता थांबा. इतक्या लांब तळाचा पीळ घरी काढणं अवघड आहे.

रंधा हातात आला की तो सुटा करून बघायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर पुढे चला. लिव्हर कॅप (पातं दाबून धरणारं झाकण) उघडा, पातं काढा आणि टॉर्चने तोंडाचे, म्हणजे तळातल्या पात्याच्या फटीचे, चारही कोपरे बघा. तडा बहुतेक तिथूनच निघतो आणि गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, चढतो. मागच्या मुठीच्या बोल्टाभोवतीही बघा. बीड हातातून पडलं की वाकत नाही, तुटतं, आणि केसाएवढी चीर गंजाखाली दिसत नाही. तिथे रॉकेलची चिंधी फिरवून कोरडं पुसा. चीर असेल तर थोड्या वेळात तिच्यातून रॉकेल पुन्हा ओल धरून वर येतं आणि रेघ उमटते. पिवळसर पितळी रेघ दिसली तर तो जोडलेला रंधा आहे. ताजा रंग दिलेला रंधा दुप्पट लक्ष देऊन बघा.

नंतर तळ. पोलादी पट्टी कडेवर उभी धरा आणि लांबीत, रुंदीत, दोन्ही कर्णांवर उजेड बघा. तळ पूर्ण सपाट असावा लागत नाही. पुढचं टोक, तोंडाच्या अगदी पुढची पट्टी आणि मागचं टोक या तीन जागा एका पातळीत आल्या की रंधा काम करतो. मध्ये ०.१ मि.मी.पर्यंतची पोकळी काचेवर ८० नंबरचा एमरी पेपर चिकटवून तासाभरात जाते. ०.२ मि.मी.चं फीलर आरामात शिरत असेल तर भाव बराच खाली यायला हवा. तोंडापाशीच खोलगट असेल तर सोडा, कारण तिथे लाकूड दाबून धरलं जात नाही आणि तंतू उपटले जातात. तळ घासताना पातं आत ओढून, लिव्हर कॅप कामाला असते तेवढीच आवळून ठेवा. सुटा ढाचा सपाट केला आणि मग कॅप आवळली तर ताणाने तळ पुन्हा हलतो.

फ्रॉग, म्हणजे पातं ज्यावर टेकतं तो तिरपा तुकडा, पूर्ण टेकलेला असावा. पातं पुढे-मागे करणारं पितळी चाक बोटाने फिरलं पाहिजे. त्याचे आटे उलटे, म्हणजे डावे असतात, हे माहीत नसल्याने अनेकांनी पक्कड लावून ती दांडी मोडलेली असते. चाक दिशा बदलताना अर्धा-पाऊण फेरा मोकळं फिरलं तर घाबरू नका. चाकात अडकणारा दुबेळका (Y आकाराचा) तुकडा मोडलेला नाही ना, एवढं बघा. तो बिडाचा असतो आणि तुटला तर पातं पुढे-मागे होत नाही. स्क्रू सगळे जागेवर हवेत. स्टॅनले आणि रेकॉर्ड या परदेशी कंपन्यांच्या जुन्या रंध्यांचे आटे मेट्रिक नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू जबरदस्तीने बसवला की बिडातले आटे गेलेच. एक स्क्रू नसलेला रंधा घ्यायचा असेल तर सुट्या भागांसाठी दुसरा मोडका रंधाही घ्यावा लागेल, असा हिशेब करा.

शिक्क्यावर फार भाळू नका. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे रेकॉर्ड, स्टॅनले हे चांगलेच, पण त्याच पद्धतीचा देशी बनावटीचा रंधा, फ्रॉगची बैठक कानशीने नीट करून घेतली तर, सागवानात उत्तम चालतो आणि पुष्कळ स्वस्त पडतो. सुरुवातीला हाच शहाणपणाचा सौदा. पात्याची घळ (मधली लांब खाच) संपते तिथपासून धारेपर्यंत २० मि.मी.पेक्षा कमी उरलं असेल तर नव्या पात्याचे पैसे भावातून वजा करा.

लाकडी रंधा वेगळ्या नजरेने बघायचा. त्याचा तळ झिजून तोंड रुंद झालेलं असतंच. तोंडापुढे कठीण लाकडाचा तुकडा बसवून ते पुन्हा अरुंद करता येतं. पातं जिथे टेकतं त्या उतारावर चीर असेल तर मात्र तो ढाचा गेला. तरीही घ्या, पात्यासाठी. जुनी शेफिल्डची पाती जाड आणि वरच्या बाजूला निमुळती असतात. पात्याच्या धारेकडच्या उतारावर बघितलं तर दोन छटा दिसतात: मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा पातळ थर. धार तो थर धरतो, दगडावर घासायला मऊ लोखंड सोपं जातं. ‘कास्ट स्टील’ असा शिक्का बघून बिडाचं समजू नका. ते मुशीत वितळवलेलं उच्च प्रतीचं पोलाद आहे. ही रीत बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात शेफिल्डजवळ बसवली. असं पातं कुठल्याही लाकडी ढाच्यात नव्याने बसवता येतं.

पटाश्यांचं गणित साधं आहे. ६, १२, १९ आणि २५ मि.मी. एवढ्या चार पुरतात. जुन्या विलायती असतील तर पाव, अर्धा, पाऊण आणि एक इंच. धार म्हणजे पाठ (सपाट बाजू) आणि उतार (तिरपी घासलेली बाजू) या दोन पृष्ठांची भेट. उतार नव्याने काढता येतो, पाठ मिळते तशीच घ्यावी लागते. म्हणून पाठ आधी बघा. धारेपासून पहिल्या २५-३० मि.मी.मध्ये खड्डे असतील तर प्रत्येक खड्डा धारेपर्यंत आला की तिथे खाच पडणार. वरवरचा तांबूस गंज चिंधीने पुसला जातो. नख अडकलं तर तो खड्डा. रंध्याच्या पात्याला अशा वेळी तोड आहे: धारेचा दगड वापरताना दुसऱ्या कडेला अर्धा मि.मी. जाडीची पट्टी ठेवून पाठीवर अगदी बारीक उतार काढला की खड्डे टळतात. पटाशीला हा उपाय चालत नाही, तिची पाठ लाकडावर सपाट टेकायला हवी.

दुसरा मोठा दोष म्हणजे ग्राइंडरवर जाळलेली धार. टोकाला निळी-जांभळी छटा दिसली तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं आहे. ती धार दोन फटक्यांत वळेल. निळसरपणा २-३ मि.मी. असेल तर तेवढं पाण्यात बुडवत बुडवत घासून मागे येता येतं. विकणाऱ्याने वर बफ मारून (चाकावर चकचकीत करून) रंग घालवला असेल तर कानशीची परीक्षा घ्या. धारेच्या एका कोपऱ्यावर हलकेच कानस ओढायची. घसरली तर पोलाद कठीण आहे, सहज खात गेली तर मऊ. ही परीक्षा टोकालाच घ्यायची, वर दांड्याकडे पटाशी मऊच असते. बफ मारलेल्या पटाशीचा आणखी एक तोटा असा की पाठीच्या कडा गोल होतात, आणि त्या पुन्हा टोकदार करायला पाऊण मि.मी. पोलाद घालवावं लागतं. त्यापेक्षा गंजकी पण कोऱ्या कडांची पटाशी घ्या. पातं ७५ मि.मी.पेक्षा आखूड असेल तर भंगाराच्या भावातच. मूठ फुटलेली असेल तर आनंदच. बाभळीची किंवा शिसवीची मूठ संध्याकाळभरात होते.

करवतीत एकच गोष्ट निर्णायक. दातांची बाजू डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी नजर लावा. पातं एका सलग कमानीत झुकलेलं असेल तर ते उलट वाकवून सरळ होतं. एका जागी मोड पडलेली असेल तर ती जात नाही, आणि कापताना करवत दर वेळी तिथे अडकते. टोक धरून हलकी कमान करा आणि सोडा. चांगलं पातं जागेवर परत येतं. दात बोथट असणं हा दोष नाही. तिकोनी कानशीने त्यांना धार लावता येते. दोन-तीन दात सलग तुटलेले असतील तर सगळेच दात खाली आणून नव्याने पाडावे लागतात, आणि शिकाऊ माणसाने ते अंगावर घेऊ नये. दातांची टोकं निळी-काळी असतील तर ती कारखान्यात कडक केलेली करवत आहे. तिच्यावर कानस चालतच नाही. ती वापरून फेकायची वस्तू आहे, जुनी घेऊच नका, फुकट मिळाली तरी. उभं चिरायला इंचाला ५ ते ७ दात, आडवं कापायला ८ ते १०, सांध्यासाठी पाठीला पट्टी असलेली १२-१४ दातांची: यातल्या शेवटच्या दोन आधी घ्या.

गुण्या पारखायला सरळ कडेची फळी आणि पेन्सिल पुरे. रेघ मारा, गुण्या उलटा करा, त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही जुळल्या पाहिजेत. जेवढी फट दिसेल त्याच्या निम्मी चूक. पितळी पट्टीचा शिसवी गुण्या देखणा असतो, पण पडलेला असेल तर काटकोनात राहत नाही.

शिकंजे आणि वाईस वजनावर घ्या. भंगारवाल्याने ते किलोच्या भावानेच घेतलेले असतात आणि थोडा वर पैसा मिळाला की तो खूश असतो. मध्यभागी स्क्रूचे आटे सुरीसारखे पातळ झालेत का ते बघा. टोकाचे आटे नेहमी कोरे असतात, तिथे बघून कळत नाही. सुतारी वाईसचा जबडा बंद करून वर फट राहत नाही ना ते बघा. जबडा वरच्या टोकाला थोडा आतल्या बाजूला झुकलेला असावाच, तो आवळल्यावर सरळ होतो. क्विक रिलीजचा (जबडा पटकन सरकवायचा) खटका दाबून सोडा, आतला अर्धनट (स्क्रूला धरणारा अर्धा नट) आट्यांत नीट बसायला हवा. जी-क्लॅम्पची चौकट पिळलेली असेल तर तो लाकूड सरकवतो. हाच मंत्र रंध्यालाही थोडा लागू आहे: पाच नंबरचा रंधा सव्वादोन किलोच्या आसपास भरतो, म्हणजे भंगाराच्या भावाने त्याची खरेदी कितीला झाली असेल याचा अंदाज तुम्हाला येतो. नव्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, आणि त्यातही दुरुस्तीचा खर्च धरा. भाव करताना तीन-चार वस्तू एकत्र करा. दोष शांतपणे दाखवा, वस्तूला नावं ठेवू नका. विकणारा रोज तिथेच बसतो आणि पुढच्या वेळी चांगला माल तुमच्यासाठी बाजूला ठेवू शकतो.

१०,००० पैकी किमान तिसरा हिस्सा हत्यारांवर खर्चच करू नका. तो धारेचा दगड, एमरी पेपर, तिकोनी कानशी आणि काचेच्या तुकड्यासाठी आहे. जुना दगड मध्ये खोलगट झालेला असतो. सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी काचेवर घेऊन तो सपाट होतो. तडकलेला मात्र नको.

घरी आणल्यावर गंज काढायला सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, स्वस्त आणि पुरेसं आहे. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम. पितळी आणि लाकडी भाग काढून ठेवा, तेल धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढा, मग बुडवा. दर तासाला काढून ब्रशने घासा. दोन ते सहा तासांत काम होतं. रात्रभर ठेवू नका, आम्ल चांगलं पोलादही खातं आणि पृष्ठ करडं, खरबरीत होतं. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा, गरम पाण्याने धुवा, लगेच पुसून हेअर ड्रायरने वाळवा आणि तेल लावा. दहा मिनिटं उशीर केला तरी केशरी गंज परत बसतो. शिलाई मशीनचं तेल लोखंडाला, जवसाचं तेल मुठीला. जवसाचं लोखंडाला लावलं तर वाळून चिकट साय धरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हत्यारं कापडात गुंडाळून ठेवू नका, कापड ओल धरतं. बंद पेटीत कापूर टाका आणि पंधरा दिवसांनी तेलाचा हात फिरवा.

इलेक्ट्रिक हत्यार घ्यायचंच असेल तर आधी पाटी वाचा. १०० किंवा १२० व्होल्टचं जपानी-अमेरिकी ड्रिल जहाजांच्या भंगारातून येतं. ते आपल्या २३० व्होल्टवर काही सेकंदांत जळतं, आणि ट्रान्सफॉर्मर घेतला तर बचत संपते. चालवून बघा, दोन-तीन मिनिटं, शक्यतो लाकडावर. कार्बन ब्रशजवळ बारीक निळ्या ठिणग्या चालतात. कॉम्युटेटरभोवती (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्याभोवती) आगीचं कडं फिरत असेल किंवा जळक्या वार्निशचा वास येत असेल तर आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, गेलं आहे. कार्बन ब्रश किरकोळ पैशात मिळतात, आर्मेचर बदलणं हत्याराच्या भावाला जाऊन भिडतं. शाफ्ट बोटाने आडवा हलवा. हलला तर बेअरिंग गेलं आहे. राउटरच्या (लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राच्या) कोलेटमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिमट्यात, बिट घसरत असेल तर तो घेऊच नका, फिरतं बिट बाहेर पडण्याचा धोका आहे. बॅटरीवर चालणारं जुनं हत्यार नकोच: बॅटरी थकलेली असते आणि नवीची किंमत सगळ्या हत्याराइतकी.

हत्यारावर एखाद्या कंपनीचं किंवा साइटचं नाव कोरलेलं असेल, किंवा क्रमांक घासून काढलेला दिसला, तर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. चोरीचा माल माहीत असताना घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि त्यापलीकडे, ते कोणा सुताराच्या रोजीरोटीचं हत्यार असतं. जुन्या बाजारातही मोठी वस्तू घेताना साध्या कागदावर तारीख, वस्तू, रक्कम आणि विकणाऱ्याची सही घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सरळ विक्रेता त्याला नाही म्हणत नाही.